कोलेस्टेरॉलचे लिटर आणि कोलेस्टेरॉलच्या खेपा

लग्नसराई सुरू झाली की आमच्या लॅबमध्ये महिन्याला दोन-चार तरी ट्यूब अशा निघतात की बघणाऱ्याला धडकी भरावी. रात्री पंगत उशिरा उठलेली असते. पुरी, भजी, बुंदी, वर कुणीतरी आग्रहानं वाढलेलं तूप. सकाळी माणूस ‘उपाशी पोटी’ म्हणून येऊन बसतो, पण शेवटचा घास पोटात गेल्याला जेमतेम सात तास झालेले असतात. रक्त घेऊन पिवळ्या झाकणाची ट्यूब सेंट्रीफ्यूजमध्ये दहा मिनिटं फिरवली की लाल पेशी खाली बसतात, मधे जेलचा थर येतो आणि वर सिरम, म्हणजे पेशी खाली बसल्यावर उरलेलं रक्ताचं पाणी. हे सिरम करडईच्या तेलासारखं नितळ पिवळं दिसायला पाहिजे. या ट्यूबमध्ये मात्र ताक भरल्यासारखं दिसतं.

सेलूत मी एकवीस वर्षं रक्त तपासतोय. डॉक्टर नाही, तंत्रज्ञ आहे, तरी निम्मं गाव ‘डॉक्टर’ म्हणतं आणि मीही आता दुरुस्त करायचं सोडलंय. काही वर्षांमागं मोंढ्यातले दोघे भाऊ एकाच दिवशी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या चरबीची तपासणी, करायला आले होते. धाकट्याच्या ट्यूबमध्ये ताक निघालं. त्यानं ती हातात घेऊन उजेडात धरली. “भाऊ, हे तर माझ्या अंगातनं तूप निघालं की!” ट्यूब रात्रभर फ्रीजमध्ये उभी ठेवली तर सकाळी वर चक्क सायीचा पापुद्रा धरला. थोरल्याचं सिरम अगदी नितळ. तो हसला. “आपलं बघा, काचेसारखं. दोन भाकरी आन् झुणका, दुसरं काही नाही.”

हार्ट ॲटॅक आला तो थोरल्याला, सात महिन्यांनी.

गावात मग चर्चा झाली की लॅबचे रिपोर्ट काही खरे नसतात. रिपोर्ट खरा होता. पण त्यानं ज्या प्रश्नाचं उत्तर दिलं होतं, तो प्रश्नच वेगळा होता.

कोलेस्टेरॉल हे विष नाही, हे आधी मान्य करू. प्रत्येक पेशीचं आवरण बांधायला ते लागतं, पित्त त्यापासून बनतं, कितीतरी हार्मोन त्यापासून बनतात. शरीराला लागणारं बरंचसं कोलेस्टेरॉल शरीर स्वतःच तयार करतं, त्यात यकृताचा वाटा मोठा. अडचण एवढीच की ते स्निग्ध आहे आणि रक्त पाणीदार. तेल पाण्यात मिसळत नाही. म्हणून शरीर ते कणांमध्ये भरून पाठवतं. बाहेर पाण्याशी जमवून घेणारं आवरण, आत चरबी. या कणांना लायपोप्रोटीन म्हणतात. एलडीएल हा त्यातलाच एक. कण किती बारीक? एका मिलिमीटरच्या लांबीत ४० हजारांहून जास्त एलडीएल कण ओळीनं बसतील. रक्ताच्या एका थेंबात ते लाखो कोटी असतात.

म्हणजे कोलेस्टेरॉल हा माल आणि कण हा टँकर.

मराठवाड्यातल्या माणसाला टँकर समजावून सांगावा लागत नाही. २०१६ साली मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, तो उन्हाळा कुणी विसरलेलं नाही. एखाद्या गावाला दिवसाला ६० हजार लिटर पाणी पोचवायचं असेल तर ते १२ हजारांच्या पाच टँकरनं जाईल, नाहीतर ३ हजारांच्या वीस टँकरनं. पाणी तेवढंच, पण खेपा पाच आणि वीस. आता रस्ता कच्चा आहे आणि दोन्ही बाजूंना काळी माती आहे असं धरा. पाऊस झाल्यावर काळ्या रानात चाक गेलं की रुतलंच. मोठा टँकर असो की छोटा, दर खेपेला रुतण्याचा थोडा तरी धोका आहेच. मग रस्त्याच्या कडेला महिन्याभरात किती टँकर रुतले हे पाण्याच्या लिटरवर ठरणार की खेपांवर?

रिपोर्टमधला ‘एलडीएल कोलेस्टेरॉल’ हा आकडा लिटर सांगतो. सगळ्या एलडीएल टँकरमध्ये मिळून माल किती, एवढंच. टँकर किती, हे तो सांगत नाही.

आमच्या धंद्यातली एक गोष्ट सांगून टाकतो. बऱ्याच लॅबमध्ये तो आकडा मोजलेलाही नसतो, काढलेला असतो. १९७२ सालापासून चालत आलेलं एक सूत्र आहे: एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल (‘चांगलं’ म्हणतात ते) वजा करायचं, ट्रायग्लिसराइड्सला (रक्तातली दुसरी चरबी) पाचनं भागून तेही वजा करायचं, उरेल ते एलडीएल. ट्रायग्लिसराइड्स ४०० च्या वर गेले की हे गणित चालत नाही. (हे सगळे आकडे मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमधले.)

थोरल्याचा रिपोर्ट असा होता: एकूण कोलेस्टेरॉल १९४, एचडीएल ३६, ट्रायग्लिसराइड्स २१०. सूत्रानं एलडीएल ११६. आमच्या छापील तक्त्यात एकूण २०० च्या आत आणि एलडीएल १३० च्या आत असलं की पुढं ‘नॉर्मल’ येतं. आलं. पण माणसाला सहा वर्षांपासून शुगर होती, पोट सुटलेलं, ट्रायग्लिसराइड्स चढलेले, एचडीएल उतरलेलं. अशा माणसांत एक ठरावीक गडबड होते. यकृत ट्रायग्लिसराइड्सनं भरलेले मोठे कण जास्त सोडतं. रक्तात फिरताना हे मोठे कण आणि एलडीएल यांच्यात मालाची अदलाबदल होते: एलडीएलमधलं कोलेस्टेरॉल तिकडं जातं, तिकडचे ट्रायग्लिसराइड्स इकडं येतात. मग हे नवे ट्रायग्लिसराइड्स एक एन्झाइम तोडून नेतं आणि एलडीएल कण आक्रसून बारीक होतो. टँकर छोटे, अर्धवट भरलेले, पण भरमसाट. लिटरचा आकडा साळसूद दिसतो आणि रस्त्यावर खेपांची रीघ लागलेली असते.

खेपा मोजायची सोय आहे. एलडीएल आणि त्याच्या जातीच्या प्रत्येक कणावर ॲपो-बी नावाचं एक प्रथिन असतं. एका कणावर एकच, कमी नाही की जास्त नाही. टँकरची नंबर प्लेट म्हणा. रक्तातलं ॲपो-बी मोजलं की टँकर मोजून झाले. ही तपासणी आता बहुतेक लॅब करून देतात किंवा पुढं पाठवतात. आणि ती करायला पैसे नसले तरी हातातल्या रिपोर्टवर एक वजाबाकी फुकट करता येते. एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल वजा करा. जे उरतं त्याला नॉन-एचडीएल म्हणतात; त्यात धोकादायक जातीचे सगळे टँकर येतात, नुसतं एलडीएल नाही. थोरल्याचं १९४ वजा ३६, म्हणजे १५८. एलडीएलचं जे लक्ष्य असेल त्याच्या ३० वर नॉन-एचडीएलची मर्यादा धरतात. भारतातल्या हृदयरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं २०२४ साली सर्वसाधारण माणसाला एलडीएल १०० च्या आत, धोका जास्त असलेल्याला ७० च्या आत आणि आधीच ॲटॅक येऊन गेलेल्याला ५५ च्या आत ठेवायला सांगितलंय. साध्या माणसाच्या हिशेबानं धरलं तरी थोरल्याचं नॉन-एचडीएल १३० च्या आत हवं होतं, शुगर धरली तर १०० च्या. आमच्या छापील तक्त्याला हे काही कळत नव्हतं. तक्ता सगळ्यांना एकच.

मग धाकट्याच्या ताकाचं काय? जेवणातली चरबी घेऊन आतड्यातून जे कण निघतात ते प्रचंड मोठे असतात. मोठे असतात म्हणूनच त्यांच्यावर उजेड विखुरतो आणि सिरम पांढरं दिसतं. पण त्याच मोठेपणामुळं ते रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरू शकत नाहीत. मालगाडी शेतात वळत नाही. त्यांचे चरबी उतरवून झालेले अवशेष शिरतात, त्यामुळं धाकट्याला अगदीच सोडून देता येत नाही. शिवाय ट्रायग्लिसराइड्स हजाराच्या घरात गेले तर स्वादुपिंडाला सूज येऊन जीवावर बेतू शकतं. पण हृदयाचा खरा चोर एलडीएल, आणि तो इतका बारीक की उजेडही त्याला अडत नाही. एलडीएल ३०० असलेल्या माणसाचं सिरमसुद्धा काचेसारखं नितळ दिसतं. डोळ्यांनी बघून काही कळत नाही, हे मला एकवीस वर्षांत पुन्हा पुन्हा शिकावं लागलंय.

आता टँकर रुततो म्हणजे काय होतं? लोकांच्या डोक्यात ठिबकची नळी असते. क्षार साचून नळी हळूहळू बुजते, तसं हृदयाच्या नळीत कोलेस्टेरॉल साचत जातं आणि एक दिवस बंद. ‘ब्लॉकेज’ हा शब्दच तसा आहे. कुणी कुणी तर विचारतात, ठिबकला ॲसिड सोडतो तसं काही मारता येत नाही का? पण कोलेस्टेरॉल नळीच्या पोकळीत साचत नाही. ते भिंतीच्या आत साचतं. नळीला आतून पेशींचं एक नाजूक अस्तर असतं. एलडीएल कण त्या अस्तरातून पलीकडं जातात, बरेचसे परतही येतात, पण काही तिथल्या चिकट जाळ्यात अडकतात. अडकलेला कण बिघडतो. शरीराला ती घाण वाटते आणि पांढऱ्या पेशी ती साफ करायला येतात. त्या कण खात सुटतात, खाऊन खाऊन फुगतात आणि तिथंच मरतात. त्यांच्या पोटातली चरबी तिथंच सांडते. वर शरीर तंतूंचं एक टोपण घालतं. म्हणजे नळीतला क्षार नव्हे, कातडीखालचं गळू. आत लगदा, वर साल.

हे एका दिवसात होत नाही. कोरियाच्या युद्धात मेलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदनं १९५३ साली प्रसिद्ध झाली. सरासरी वय २२, आणि चारात तिघांच्या हृदयवाहिन्यांत या रोगाच्या खुणा. त्यामुळं ‘पन्नाशी झाली की बघू’ याला अर्थ नाही. रुतलेल्या टँकरचा हिशेब किती खेपा गुणिले किती वर्षं असा असतो.

गळू टणक सालीचं असेल तर वर्षानुवर्षं गप्प बसतं. वाढून नळी ७० टक्क्यांच्या आसपास अरुंद झाली की जिना चढताना छाती भरते, थांबलं की बरं वाटतं. ते त्रासदायक असतं, पण निदान सांगून येतं. घात करतं ते पातळ सालीचं गळू. आतल्या पांढऱ्या पेशी जे एन्झाइम सोडतात त्यानं साल कुरतडली जाते. मग एखाद्या दिवशी बीपी चढलं, धावपळ झाली, कधी काहीच निमित्त झालं नाही, तरी साल फाटते. आतला लगदा रक्ताला लागतो. रक्ताला वाटतं जखम झाली, आणि जखमेवर जे करायचं ते रक्त इमानदारीनं करतं: गुठळी. बोट कापल्यावर जी गुठळी आपल्याला वाचवते, तीच इथं काही मिनिटांत नळी बंद करते. तंबाखू ओढणाऱ्यांत तर साल न फाटताही, नुसतं वरचं अस्तर खरवडलं जाऊन गुठळी होते.

ॲटॅकमध्ये गुठळी आधी की नंतर, यावर डॉक्टरांमध्येच कितीतरी वर्षं वाद होता. १९८० साली अमेरिकेत ॲटॅक सुरू असतानाच लोकांची अँजिओग्राफी केली, तेव्हा पहिल्या चार तासांत आलेल्यांपैकी ८७ टक्क्यांची नळी पूर्ण बंद सापडली. वाद मिटला आणि गुठळी विरघळवण्याच्या उपचाराला जोर आला.

थोरल्यानं ॲटॅकच्या दोनच महिने आधी पट्ट्यावर चालायची टेस्ट केली होती. नॉर्मल. यावरही गावात डॉक्टरला शिव्या पडल्या. पण ती टेस्ट नळी अरुंद झालीय का ते बघते. साल पातळ झालीय का ते तिला दिसत नाही. अनेक ॲटॅक अशा गळवांमुळं येतात ज्यांनी आदल्या दिवसापर्यंत नळी फारशी अडवलेलीच नसते.

आपल्या लोकांचं हे जरा लवकर होतं. ५२ देशांतल्या ॲटॅकच्या रुग्णांवर झालेल्या एका मोठ्या अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांना पहिला ॲटॅक साधारण ५३ व्या वर्षी येत होता, बाकीच्या देशांत ५९ व्या. त्याच अभ्यासात जगभर सगळ्यात वजनदार ठरलेला आकडा एलडीएलचा नव्हता. ॲपो-बी आणि एचडीएलवरचं ॲपो-ए-१ हे प्रथिन यांच्या गुणोत्तराचा होता. म्हणजे पुन्हा खेपाच. आणि एचडीएलला ‘चांगलं कोलेस्टेरॉल’ म्हणून मिरवतात त्यांच्यासाठी एक ओळ: एचडीएल औषधानं वाढवून ॲटॅक कमी करायचे मोठे प्रयत्न झाले आणि फसले. एचडीएल ६५ आलं म्हणून एलडीएल १८० माफ होत नाही.

टँकर कमी करायचे तर ते परत घेणारा डेपो बघायला पाहिजे. तो डेपो यकृत. यकृताच्या पेशींवर एलडीएल ओढून घेणारे हूक असतात, त्यांना रिसेप्टर म्हणतात. ते शोधणाऱ्या ब्राउन आणि गोल्डस्टाइन यांना १९८५ सालचं नोबेल मिळालं. काही घराण्यांत हे हूक जन्मतःच अर्धे असतात, साधारण अडीचशे-तीनशे माणसांत एकाला. आई-बाप दोघांकडूनही दोष आला तर पोराला विशीच्या आतच ॲटॅक येऊ शकतो. आपल्याकडं मामाच्या पोरीशी लग्न अजून होतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो.

स्टॅटिनची गोळी यकृताची स्वतःची कोलेस्टेरॉल बनवण्याची वाट अडवते. यकृताला तुटवडा पडतो, ते जास्त हूक बाहेर काढतं आणि रक्तातले टँकर ओढून घेतं. मोठ्या डोसनं एलडीएल निम्म्यावर येतं. एलडीएल ३९ नं उतरलं की ॲटॅक-पक्षाघाताचा धोका साधारण पाचव्या हिश्शानं घटतो, हे लाखाहून जास्त लोकांवरच्या चाचण्या एकत्र करून दिसलंय. शिवाय गळवाचा लगदा आटतो आणि साल जाड होते, हा फायदा कुठल्याच रिपोर्टवर छापून येत नाही.

आणि इथं माझी तक्रार. महिन्याला चार-पाच जण तरी सांगतात, “रिपोर्ट नॉर्मल आला, म्हणून गोळी बंद केली.” अहो, तो गोळीचा रिपोर्ट होता! मोटर चालू आहे म्हणून टाकी भरली, टाकी भरली म्हणून मोटर विकून टाकली, असं कुणी करतं का?

खाण्यानंही हे हूक कमी-जास्त होतात. संपृक्त चरबी जास्त झाली की यकृत ते आवरून घेतं. वनस्पती तूप आणि पाम तेल यात ही चरबी भरपूर. पामतेलात जवळजवळ निम्मी. गाड्यावरच्या भज्यांचं तेल काय असतं हे विचारायची सोय नाही. आपली करडई यात फार सज्जन, तिच्यात संपृक्त चरबी दहा टक्क्यांच्या आतच. घाण्याची करडई सोडून आपण पिशवीतल्या स्वस्त तेलावर गेलो. आणि तेलाच्या डब्यावर ‘कोलेस्टेरॉल फ्री’ लिहितात त्याचं मला नेहमी हसू येतं. कोलेस्टेरॉल प्राण्यांच्या चरबीत असतं, झाडाच्या तेलात नावाला असलं तर. ज्वारीच्या पोत्यावर ‘हाडविरहित’ लिहिल्यासारखं आहे ते.

थोरला वाचला, ते त्याच्या बायकोमुळं. सकाळी सातला छातीत दाटलं, डाव्या हाताला कळ, दरदरून घाम. घरात गॅस झाला म्हणून सोडा-लिंबू चाललं होतं. वहिनींनी घाम बघितला आणि सरळ १०८ लावला. फोनवरच्या डॉक्टरांनी अल्सर-रक्तस्रावाचं विचारून घेतलं आणि ॲस्पिरिनची ३०० ची गोळी चावून खायला सांगितली. १९८८ सालच्या एका चाचणीत महिनाभर रोज ॲस्पिरिन दिल्यानं ॲटॅकमधले मृत्यू पाचव्या हिश्शाहून जास्त घटले होते. सेलूहून संभाजीनगर गाठायचं म्हणजे अडीच-तीन तास, आणि बंद नळीपलीकडचा स्नायू अर्ध्या तासातच मरायला लागतो. म्हणून सरकारी दवाखान्यात आधी ईसीजी आणि गुठळी विरघळवणारं इंजेक्शन, आणि मग पुढं अँजिओप्लास्टीला. हाच क्रम बरोबर होता. गाडी करून थेट मोठ्या शहराकडं सुटायचं, यात आपल्याकडं फार माणसं वाटेत गेलीत.

मागच्या महिन्यात त्याचा मुलगा आला, वय एकोणतीस. डॉक्टरांनी त्याला ॲपो-बी आणि लायपोप्रोटीन-ए लिहून दिलं होतं. लायपोप्रोटीन-ए म्हणजे एलडीएलच, पण मागं काटेरी तारेचं वेटोळं बांधलेलं. जास्त सहज अडकतं, जास्त घाण करतं. ते आई-बापाकडून येतं, भाकरी-झुणक्यानं कमी होत नाही, स्टॅटिननंही नाही. दर चार-पाच माणसांत एकाचं ५० च्या वर असतं. जन्मात एकदा तपासलं की सहसा पुरतं.

त्याची ट्यूब फिरवून काढली. वर नितळ पिवळं सिरम. “काका, चांगलं दिसतंय ना?” त्यानं विचारलं. म्हटलं, दिसण्यावर जाऊ नको, तुझ्या बापाचंही असंच दिसत होतं. दोन दिवसांनी लायपोप्रोटीन-ए ८६ आलं, ॲपो-बी ११२. रिपोर्ट घेऊन तो त्याच दिवशी डॉक्टरकडं गेला.